ठिपकी कुणाची

मांजर मारलं की काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे कुसगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काशी तर लांबच राहिली, गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर डोरल्यापलीकडे सोन्याचा मणी नव्हता. म्हणून कुसगावात कुणी मांजर मारत नसे. कुसगावात मांजर 'सोडत'. पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड आवळायचं आणि वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे, कार्ल्याच्या बाजूला, जमेल तिथं नेऊन टाकायचं. पुढं ते उपाशी मेलं, कोल्ह्यानं नेलं, पुरात वाहून गेलं, तरी आपला हात काही त्याला लागला नाही. आपण फक्त सोडलं. एवढं पुण्यकर्म उरकून घरी यायचं, पाय धुवायचे आणि निवांत जेवायला बसायचं.

धोंडाबाईला या सोडण्याची भयंकर चीड होती. आणि ती चीड ती पोटात ठेवत नसे.

"मारायचं तर समोर धरून मारा की!" भर पाणवठ्यावर ती म्हणायची. "देवाला फशिवता व्हय? पोत्यात तुमी मांजर घातलं, देवाला न्हाई घातलं. त्यो वरनं बघतोय!"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. धोंडाबाईचं घर गावाच्या अगदी कडेला, लोणावळ्याच्या वाटेवर, ओढ्याला लागून होतं. सोडलेल्या मांजरांपैकी ज्यांच्या पायात बळ उरलेलं असे, ती पहिली तिच्याच पडवीत यायची. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, एकुलती लेक वराळ्याला दिलेली, ती दिवाळीला चार दिवस येऊन जायची. उरलं काय, तर भाताचं एक खाचर, आणि उन्हाळ्यात लोणावळ्याच्या एका बंगल्यावर झाडलोट.

त्या बंगल्याची तऱ्हा तर गावाहून वरताण. मुंबईचे शेठ लोक एप्रिलात यायचे, पोरांना खेळायला म्हणून गळ्यात लाल फीत बांधलेलं मांजराचं पिल्लू आणायचे, त्याला बशीतून दूध पाजायचे, मांडीवर घेऊन फोटो काढायचे. जून उजाडला की ट्रंका टांग्यात चढायच्या, दारं-खिडक्यांना गवताची झडपं बांधली जायची, आणि पिल्लू राहायचं व्हरांड्यात. पुढच्या साली दुसरं आणता येत होतं ना! लोणावळ्याच्या पावसात माणूस टिकत नाही, तिथं बशीतलं दूध पिणाऱ्या पिल्लानं काय करावं? धोंडाबाईनं असलाच एक पांढरा बोका पदराखाली घालून घरी आणला. त्यानं तीन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी भगुणंसुद्धा चाटून लख्ख केलं. त्याचं नाव तिनं ठेवलं साहेब. दुसरी एक होती काणी, कुणाच्या तरी काठीनं तिचा एक डोळा गेलेला. आणि तिसरी ठिपकी. ही सगळी गोष्ट ठिपकीची.

"मांजरं पाळून तुला मिळतं काय गं?" असं लोक विचारायचे. जसं काही मिळाल्याशिवाय हे लोक श्वास घेत नव्हते! धोंडाबाईनं त्यांना काय सांगायचं? झडीच्या पावसात तिचे गुडघे धरायचे, तेव्हा साहेब आणि काणी दोन्ही गुडघ्यांवर एकेक येऊन बसायची, आणि वैद्याच्या लेपानं उतरत नव्हती ती कळ त्या उबेनं उतरायची. खाचरातून चिखलानं भरून ती घरी यायची, तेव्हा दारात कुणीतरी वाट बघत बसलेलं असायचं. नवरा गेल्यावर ते थांबलं होतं. रिकाम्या घरात शिरायची तिला धास्ती वाटायची, ती आता वाटत नव्हती. हे पाणवठ्यावर सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी हसणाऱ्यांना कळलं नसतं.

तर ठिपकी. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेली ही मांजरी मुळात कोंडाजीच्या घरची. कोंडाजी म्हणजे गावातला मोठा खातेदार, बारा खाचरांचा धनी, त्याच्या शब्दाला मान. ठिपकी त्याच्या माळ्यावर जन्मली, तिची आईही तिथंच जन्मली होती. साल-दर-साल तिनं त्याच्या भाताच्या कणग्या राखल्या. गुन्हा तिनं एकच केला. पेटीचं झाकण उघडं राहिलेलं बघून ती आत शिरली आणि कोंडाजीच्या ठेवणीतल्या जरीच्या पागोट्यावर व्याली. मेहुण्याच्या लग्नात ते पागोटं कोंडाजीला घालता आलं नाही, साध्या मुंडाशावर जावं लागलं. माणसाचा केवढा हा अपमान! पुढच्या खेपेला भादव्यात ठिपकीचं पोट दिसायला लागलं, तसा त्यानं हुकूम सोडला, "हिला ह्या टायमाला लांब घालवा. ओढ्यापल्याड न्हाई, घाटाखाली."

घाटाखाली घालवायची सोयही घरातलीच होती. कोंडाजीचा तो मेहुणा भिमाजी लोणावळा स्टेशनात मालधक्क्यावर माल चढवणारा-उतरवणारा खलाशी होता. घाटात विजेची इंजिनं येऊन चार-पाच वर्षं झाली होती, खाली जाणाऱ्या मालगाड्या लोणावळ्यात थांबत. त्यातल्या एखाद्या रिकाम्या डब्यात पोतं टाकलं, की पुढचं पाप रेल्वेचं.

धोंडाबाई त्या दिवशी डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला निघाली होती. वाटेत तिला भिमाजी गाठ पडला. त्याच्या खांद्यावरचं पोतं हलत होतं.

"भिमाजी, पोत्यात काय रं?"

"कोंबडी हाय, मावशी."

"कोंबडी कवापास्नं म्यावम्याव करायला लागली?"

भिमाजीनं मान खाली घातली आणि पाय उचलले. धोंडाबाईनं पाटी वाटेवरच टाकली, धावत जाऊन पोत्याला हात घातला. पोत्याचं तोंड एका हिरव्या काठानं आवळलेलं होतं, लुगड्याचा फाडलेला काठ. गाठ घट्ट होती. आतलं पोट तिच्या हाताला लागलं, गच्च, भरलेलं.

"आरं, पोटुशी हाय ही!"

"भाऊजींनी सांगितलंय, मावशी. मी काय करू?" असं म्हणून त्यानं हिसडा दिला आणि तो मालधक्क्याच्या फाटकातून आत गेला. आत बाईमाणसाला कोण सोडतं? धोंडाबाई कुंपणाच्या तारेला धरून उभी राहिली. गाडी हलली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा झाला, तेव्हा ती परत फिरली. गोवऱ्या रस्त्यावरच राहिल्या.

तिथून ती तडक कोंडाजीच्या दारात. तो ओट्यावर पान जुळवत बसला होता, शेजारी देवळाचा गुरव दत्तोबा सुपारी कातरत होता.

"कोंडाजीभाऊ, भरल्या पोटाची मांजर पोत्यात घातलीसा? पिढ्यान् पिढ्या तुमची कणगी राखली तिनं!"

कोंडाजीनं चुना बोटानं सारखा केला. "कुनाची मांजर, वैनी? आमची न्हाई ती. गावातलं भटकं जनावर, हितं यिऊन राह्यलं व्हतं. आमचा काय संबंद?"

"तुमची न्हाई?"

"न्हाई म्हनतो न्हवं एकदा!"

दाराआड कोंडाजीची बायको मुक्ताबाई उभी होती. धोंडाबाईनं तिच्याकडे बघितलं. मुक्ताबाईच्या अंगावरचं हिरव्या काठाचं लुगडं एका बाजूनं बिनकाठाचं होतं. ती आत निघून गेली. धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तोवर कोंडाजीनंही पान तोंडात टाकून पाठ फिरवली होती.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना ठिपकी परत आली. घाट चढून, बोगदे आणि रूळ ओलांडून, रान तुडवून. कशी आली ते तिचं तिलाच ठाऊक. गावातली पहिली पडवी धोंडाबाईची, तिथंच उखळाच्या आडोशाला ती पडली. एक कान फाटलेला, पंजांची कातडी सोललेली, आणि पोट पाठीला लागलेलं. धोंडाबाईनं ते पोट चाचपलं. आचळं सुकून गेली होती. म्हणजे ती कुठंतरी व्याली होती, आणि पाजायला कुणी उरलं नव्हतं.

धोंडाबाई उखळापाशी बसून ढसाढसा रडली आणि रडता रडता तिनं अख्ख्या गावाला शिव्या दिल्या. मग डोळे पुसून कामाला लागली. पंजांना हळद-तेल लावलं, चिंध्या बांधल्या. तांदळाची पेज बोटानं चाटवली. शेजारच्या शेळीचं वाटीभर दूध मागून आणलं. साहेब आधी फिस्कारला, मग एके सकाळी तो आपणहून तिच्या पाठीला पाठ लावून निजलेला दिसला. महिनाभरानं ठिपकी उठली, आणि उठल्या दिवशी तिनं घुशीएवढा उंदीर आणून धोंडाबाईच्या पायाशी ठेवला. ती चुलीपुढं बसली होती. तिनं त्या उंदराला हात जोडले.

ठिपकी परत आल्याचं गावभर झालं. कोंडाजीलाही कळलं. त्यानं तिकडं ढुंकून बघितलं नाही, कारण अजून त्याला गरज पडली नव्हती.

गरज पडली वैशाखात. त्या साली गावात उंदरांनी नुसता हैदोस घातला होता. घातला नाही तर काय करतील? दोन वर्षांत गावानं मांजर म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. रोपांसाठी राब भाजून झाले, पेरणीसाठी लोकांनी बियाण्याच्या कणग्या फोडल्या. कोंडाजीच्या कणगीचं वरचं शेणाचं लिंपण जसंच्या तसं होतं. त्यानं आत हात घातला तर मुठीत नुसतं फोल आणि लेंड्या. बुडाला मूठभर भोक. दुसरी फोडली, तिचीही तीच गत. घरोघरी थोड्याफार फरकानं हेच. धोंडाबाईच्या घरात एकच कणगी, आणि तिच्यातलं आंबेमोहोराचं बी दाण्यालाही कमी नव्हतं. तिच्या उंबऱ्यावर ठिपकी उन्हात पसरली होती आणि शिमग्यात झालेली चार पिल्लं तिच्या शेपटीशी झोंबत होती.

कोंडाजीनं कार्ल्याच्या पाहुण्यांकडून बी आणलं खरं, पण माळ्यावर खायचं भात होतं, तेही रात्रंदिवस कुरतडलं जात होतं. दुसऱ्या दिवशी भिमाजी धोंडाबाईच्या दारात उभा.

"भाऊजी म्हनले, आमची ठिपकी द्या. पिल्लंबी."

"आमची?" धोंडाबाईचा आधी कानांवर विश्वासच बसेना. मग तिचं लक्ष त्याच्या काखेकडे गेलं. काखेत पोतं होतं.

तिनं खराटा उचलला. "पोतं घिऊन आलास? माज्या दारात पोतं घिऊन आलास?" भिमाजी ओढ्यापर्यंत धावला. पोतं वाटेत पडलं, ते तिनं चुलीत घातलं.

पण कोंडाजी असा सोडणारा नव्हता. त्यानं पंचांना सांगितलं, गावाला सांगितलं. आयतवारी सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढं माणसं जमली, धोंडाबाईला बोलावणं गेलं. ती आली ती ठिपकीला कडेवर घेऊन. मनात मात्र ती हादरली होती. बारा खाचरांचा धनी एकीकडे आणि एका खाचराची विधवा एकीकडे. पंच कुणाचं ऐकतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ठिपकीला त्या घरात पुन्हा पाठवायचं, पुन्हा तिचं पोट वाढायचं आणि पुन्हा कुणाचं तरी पागोटं मळायचं. तिनं ठिपकीला छातीशी घट्ट धरलं.

कोंडाजी उभा राहिला. "पंचहो, ठिपकी माज्या माळ्यावर जल्मली. तिची आय बी तितंच जल्मली. साऱ्या गावाला ठावं हाय. मांजर माजी, म्हंजी पिल्लंबी माजीच. वैनींनी दोन घास घातलं आसतील, त्येचं उपकार हायेत. पर जनावर माजं."

माना डोलल्या. एक पंच म्हणाला, "बोल धोंडाबाय. खरं हाय न्हवं?"

"आक्षी खरं," धोंडाबाई म्हणाली. गाव चकित झालं. "ठिपकी त्येंच्या घरातच जल्मली. न्या म्हनते मी. फकस्त एक करा, कोंडाजीभाऊ. बेलभंडार उचला."

बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन देवापुढं बोललेला शब्द म्हणजे पोरखेळ नव्हे. खोटं बोललं तर वंशाला भोवतं, असं अख्खं मावळ मानतं. गुरव दत्तोबानं गाभाऱ्यातून तबक आणलं.

"उचला आन् म्हना," धोंडाबाईचा आवाज चढला. "म्हना, ठिपकी माजी हाय, भादव्यातबी माजीच व्हती. आन् मी तिला पोटुशी आसताना पोत्यात घातली. तिची पोरं घाटात मेली ती माज्या पायी मेली. म्हना! मग काशीला कवा जाताय आन् सोनं किती तोळं घालताय, ती भाषा करा. आन् तुमची नसंल, तर घरी जा. तुमच्या वट्यावर, ह्या दत्तोबा आबांच्या म्होरं तुमी म्हनला व्हतासा, आमची न्हाई ती. काय वो आबा?"

दत्तोबा खाकरला. "म्हनला व्हता, बाबा. मी तितंच व्हतो. सुपारी कातरत व्हतो."

कोंडाजीचा हात तबकाच्या अर्ध्या वाटेवर थांबला. माझी म्हणावं तर पोटातल्या जीवांचं पाप डोक्यावर. माझी नाही म्हणावं तर मांजर हातची जाते, आणि देवापुढं खोटंही पडतं. गावानं इतकी वर्षं पापाला चुकवायची जी पळवाट शोधली होती, तिच्या दोन्ही तोंडांशी धोंडाबाई उभी राहिली होती.

"तवा... तवा रागात बोललो आसंन," तो पुटपुटला. "मांजरापायी देवाला कशाला मधी आनायचं, वैनी?"

"पोत्यात घालताना देवाचं भ्या वाटलं, म्हनून मारली न्हाई न्हवं? मग आताबी वाटू द्या की!"

कुणीतरी फिसकन हसलं. कोंडाजीनं हात मागं घेतला. धोंडाबाई जिंकली होती, आणि ठेवणीतलं आणखी बरंच काही ती आता ऐकवणार होती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मुक्ताबाई पुढं आली. ती सरळ तबकापाशी गेली आणि तिनं बेलभंडार उचलला.

"ठिपकी आमचीच हाय," ती म्हणाली. "भादव्यातबी आमचीच व्हती. ह्येंनी सांगितलं, पर पोत्याचं तोंड म्या आवळलं. माज्या लुगड्याचा काठ फाडून. ती पोटुशी हाय ह्ये मला ठावं व्हतं. सकाळीच म्या तिच्या पोटावरनं हात फिरवला व्हता. ती भरवशानं माज्या मांडीवर बसली, म्हनून पोत्यात घालता आली."

मग कोंडाजीचा चेहरा खुलला. खरंच खुलला! "ऐकलंसा न्हवं, पंचहो? आमचीच! बेलभंडार उचलून सांगितलं!"

मुक्ताबाई वळली. "तुमी गप बसा."

पंचवीस वर्षांच्या संसारात गावानं हे शब्द तिच्या तोंडून ऐकले नव्हते. कोंडाजी बसला.

"आमची हाय, म्हनून तर मागायचा हक न्हाई," ती धोंडाबाईकडे हात करून पंचांना म्हणाली. "ठिपकी आन् पिल्लं, कोन ठेवायची त्ये ह्या आक्कानं ठरवावं." आणि भंडारा कपाळाला लावून ती घराकडे चालू लागली.

धोंडाबाईच्या ओठावर आलेलं सगळं तिथंच राहिलं. राग निवला होता असं नाही, तो अजून धगधगत होता, पण तो टाकायचा कुणावर ते कळेना. ती ठिपकीला घेऊन घरी आली आणि चूल पेटवताना तिनं फुंकणी दोनदा आपटली.

दुपार कलताना मुक्ताबाई पडवीत येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"आलीस?" धोंडाबाई खेकसली. "पदर पसर."

मुक्ताबाईनं पदर पसरला. धोंडाबाईनं दोन पिल्लं उचलून त्यात टाकली. "खरकटं घालू नको. दूध घाल. आन् ऊब दे."

मुक्ताबाईनं ठिपकीकडे हात केला. ठिपकी पुढं आली, तिनं तो हात हुंगला, आणि पाठीवरचे केस ताठ करून ती मागं सरत सरत उखळाआड गेली. तिथून तिचे दोन डोळे तेवढे दिसत राहिले.

"तिला मी काय सांगू?" धोंडाबाई म्हणाली. "तिचा राग तिच्यापाशी."

मुक्ताबाई खाली बघत म्हणाली, "चार व्हती, आक्का."

"काय चार?"

"पोटात. म्या हातानं चाचपून मोजली व्हती. आय तशी मोजायची, तिनंच शिकवलं व्हतं."

धोंडाबाई वाकली, उरलेली दोन पिल्लं उंबऱ्यावरून उचलली आणि तीही मुक्ताबाईच्या पदरात घातली. पदर जड झाला. मुक्ताबाईनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि ती उतरत्या उन्हात, साऱ्या गावादेखत, आळीच्या मधोमध चालू लागली.

धोंडाबाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तरीही राग काही उतरला नव्हता. शेवटी तिला राहवेना.

"मुक्ते!" ती ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली. "कोंडाजीभाऊंचं पागोटं पसर पिल्लांच्या अंगाखाली! जरीचं!"

मुक्ताबाईनं मागं बघितलं नाही.

"पसरते," ती म्हणाली.